‘टीचर, तुमी किती दिवस र्‍हाणार?’ : खानापूर तालुक्यातल्या एका मराठी वर्गाची पहिली ओळख

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, जंगलालगतच्या एका मराठी हायस्कुलातलं आहे. शाळेचं नाव देत नाही, शिक्षिकेचंही देत नाही. विषय छोटा वाटेल: नव्यानं आलेल्या मराठीच्या शिक्षिकेनं आठवीच्या वर्गाला स्वतःची ओळख कशी करून दिली. मी या भागात बरीच वर्षं मराठी शिकवतो आहे आणि माझं मत दरवर्षी पक्कं होत गेलं आहे की, भाषेच्या शिक्षकाचं वर्ष पुष्कळदा या पहिल्या आठवड्यातच बसतं किंवा फिसकटतं. मुलं गप्प राहिली तरी गणिताचा तास कसाबसा पुढे सरकतो. साहित्याच्या तासाला मूल बोललंच नाही, तर शिकवायला हाताशी काही उरत नाही.

वर्ग कसा होता

कर्नाटकात हायस्कूल आठवी ते दहावी. सातवीपर्यंत मुलं आपापल्या गावच्या सरकारी मराठी शाळेत असतात आणि आठवीला पहिल्यांदा निरनिराळ्या गावांची मुलं एका बाकावर येतात. या वर्गात बाजाराच्या गावातली मुलं होती, वाड्यांवरून चालत किंवा सकाळच्या पहिल्या बसनं येणारी होती, गवळी-धनगर वस्तीवरची होती, गोव्याच्या बाजूची कोकणी वळणाचं बोलणारी होती. घरी कन्नड बोलणाऱ्या तीन मुलीही होत्या, कारण घराजवळचं हायस्कूल तेवढंच.

या मुलांच्या कानावर आणि डोळ्यांवर दिवसभरात किती भाषा येतात ते पाहण्यासारखं आहे. बसची पाटी कन्नडमध्ये, शेताचा उतारा आणि रेशनकार्ड कन्नडमध्ये, मोबाइलवर हिंदी, घरात गावाची मराठी, पुस्तकात प्रमाण मराठी. ते पुस्तकही सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या मामेभावाच्या पुस्तकापेक्षा वेगळं, कारण इथली मराठीची पाठ्यपुस्तकं कर्नाटक स्वतः काढतं. शाळाही दोन्हीकडे एका दिवशी भरत नाही. आपली मेच्या अखेरीला सुरू होते, पलीकडची जूनच्या मध्याला.

आणखी एक गोष्ट, जिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सरकारी हायस्कुलात कायम शिक्षकाची जागा रिकामी असली की अतिथी शिक्षक नेमतात. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती, मानधनावर. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा यादी, आणि मधेच कायम शिक्षक बदलून आला तर जागा गेली. शिक्षकाच्या बाजूनं हा पोटाचा प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. मुलांच्या बाजूनं त्याचा अर्थ असा की, यांनी प्राथमिक शाळेतसुद्धा बरेच शिक्षक येताना आणि जाताना पाहिलेत. प्रत्येकानं पहिल्या दिवशी आपलं नाव फळ्यावर लिहिलं, प्रत्येकानं मुलांची नावं विचारली. तेराव्या वर्षी या मुलांना ओळखपरेड पाठ झालेली असते.

आलेल्या टीचर निपाणीकडच्या. कोल्हापुरात मराठी घेऊन एम.ए., मग बी.एड. वय पंचविशीचं. निपाणी बेळगाव जिल्ह्यातच असली, तरी खानापूरच्या जंगलपट्ट्याशी तिचा रोजचा संबंध नाही. काळ्या रानातली तंबाखू, हमरस्ता आणि कोल्हापूरचं वळण एकीकडे, भात, काजू आणि घाटाचा पाऊस दुसरीकडे. हेडसर माझ्या ओळखीचे. त्यांनी मला टीचरांना थोडी सोबत करायला सांगितलं होतं.

पहिला तास

त्या तासाला मी नव्हतो. टीचरांनी त्याच संध्याकाळी सगळं वहीत उतरवून ठेवलं होतं. ती वही त्यांनी मला वाचायला दिली आणि हे लिहायला परवानगीही दिली.

त्यांनी ओळख घरून लिहून आणली होती. नाव, गाव, शिक्षण, कॉलेजात वक्तृत्वाला मिळालेलं बक्षीस, मग साहित्य माणसाला कसं समृद्ध करतं यावर दोन परिच्छेद, आणि शेवटी ‘आपण सारे मिळून मराठी साहित्याच्या प्रवासाला निघू या’. मी तो कागद पाहिला आहे. त्यात चूक काही नाही. मुलाखतीला बसलेल्या मंडळानं ऐकला असता तर माना डोलावल्या असत्या. वर्ग शांत बसला. मग मुलांची पाळी आली. एकेक जण उठून ‘माझे नाव अमुक, माझ्या वडिलांचे नाव तमुक, मी मोठेपणी पोलीस होणार’ असं म्हणून खाली बसला. मुलींपैकी बऱ्याच जणी नर्स होणार होत्या. सगळ्यांचं वाक्य एकाच साच्यातलं.

तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा न राहताच म्हणाला, “टीचर, तुमी किती दिवस र्‍हाणार?”

दुसऱ्यानं लगेच पुस्ती जोडली, “मागच्या टीचर बी र्‍हातो म्हणाल्यात. दिवाळीनंतर आल्याच न्हाईत.”

वहीत टीचरांनी लिहिलंय की, क्षणभर ‘असं विचारायचं नसतं’ हे शब्द ओठांवर आले होते. त्या तसं बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, “माझी नेमणूक मार्चअखेरपर्यंत आहे. तोवर मी येणार. त्याच्या पुढचं ठरवणं माझ्या हातात नाही. पण जायची वेळ आली तर तुम्हाला सांगून जाईन, न सांगता जाणार नाही.”

माझ्या मते त्यांची खरी ओळख इथे झाली. लिहून आणलेल्या कागदात मुलांना हवं असलेलं उत्तर कुठेच नव्हतं. या मुलांना शिक्षकाच्या पदव्या नको असतात. यांचे प्रश्न तीन: हा माणूस टिकणार का, आम्ही बोललो तर हसणार का, आणि आम्हाला पास करणार का. पहिला प्रश्न मुलांनी तोंडानं विचारला. दुसरा कधीच कोणी विचारत नाही, तो विचारण्यासाठी आधी बोलावं लागतं.

त्यानंतर एकीनं विचारलं, “टीचर, तुमी महाराष्ट्रातल्या काय?” सीमाभागात ‘कुठल्या’ हा प्रश्न साधा नसतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग बसला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मुलं हे सगळं घरच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं ऐकत वाढतात. टीचरांनी “निपाणीची, तुमच्याच जिल्ह्यातली” एवढंच सांगितलं. तेवढंच योग्य होतं. तो इतिहास दहावीच्या मुलांशी सावकाश, कागदपत्रं समोर ठेवून बोलावा. आठवीच्या पहिल्या तासाला तो काढला की शिक्षकाची ओळख एका बाजूच्या माणसाची होऊन बसते, आणि वर्गातल्या त्या तीन कन्नड घरच्या मुली आपसूक कडेला जातात.

दुसऱ्यांदा ओळख

आमच्याकडे वर्षाची सुरुवात सेतुबंधानं होते. आधीच्या इयत्तेचं काय येतं ते पाहणारी पूर्वचाचणी, मग उजळणी, मग उत्तरचाचणी. पूर्वचाचणीत निम्म्याहून जास्त मुलांनी ‘माझी शाळा’वर चार ओळींपुढे लिहिलं नव्हतं. टीचर कागद घेऊन माझ्याकडे आल्या. “सर, यांना काही सांगायचंच नाहीये की सांगता येत नाहीये?” मी त्यांना विचारलं, तुम्ही स्वतः वाचायला कशा लागलात ते मुलांना सांगितलंत का? त्या म्हणाल्या, ते काय सांगण्यासारखं आहे, आमच्या घरी तर विड्या वळत होते.

मी म्हटलं, मग तेच सांगा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मागे बसलो. टीचरांनी खुर्ची फळ्यापासून ओढून बाकांच्या मधे आणली. मग सांगितलं की, आई आणि गल्लीतल्या बायका दुपारी ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसायच्या. भिजवलेली पानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. दिवसाला हजारभर वळल्या तर मजुरी पुरी. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे मोकळे. म्हणून चौथीतल्या मुलीला बायका म्हणायच्या, वाच काहीतरी. घरात पुस्तक नव्हतं. किराणा बांधून आलेल्या रद्दीत वर्तमानपत्राच्या पुरवण्या असायच्या, त्यांतल्या गोष्टी ती मोठ्यानं वाचायची. आवडलं की बायका परत वाचायला लावायच्या, नाही आवडलं की “पुढचं पान बघ” म्हणायच्या.

एकदा एक गोष्ट ‘क्रमशः’वर थांबली. पुढच्या आठवड्याची पुरवणी रद्दीत आली नाही. बायका रोज विचारायच्या, त्या सुनेचं काय झालं? शेवटी तिनं त्याच जुन्या पुरवणीकडे बघत मनानंच पुढचा भाग ‘वाचला’. चार वाक्यांत शेजारच्या मावशींनी पकडलं: हे लिहिलेलं नाही गं, हे तुझं आहे. ती गप्प झाली. तेव्हा मावशी म्हणाल्या, थांबलीस का, सांग की पुढं.

“तिथून मला गोष्टींचा नाद लागला,” टीचर म्हणाल्या. “एम.ए. नंतर केलं.”

वर्गात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. मागच्या बाकाची मुलं पुढे झुकली. एकानं विचारलं, मग सुनेचं काय केलंत? दुसरीनं विचारलं, विडीचे पैसे किती मिळायचे? आणि मग काजूच्या रानाकडच्या वाडीवरचा एक मुलगा, पूर्वचाचणीत ज्याचा कागद जवळजवळ कोरा होता, म्हणाला, “आमच्या आज्ज्याला अस्वल भेटल्याली गोष्ट हाय. खरं ती पुस्तकातली न्हवं.”

“माझीपण पुस्तकातली नव्हती,” टीचर म्हणाल्या. “सांग.”

त्यानं सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला बाजारगावची मुलं फिस्सकन हसली. त्याच्या बोलण्याला कोकणीचं वळण आहे. अशा वेळी बहुतेक शिक्षक ‘हसू नका’ म्हणतात. त्यानं हसू थांबतं, पण बोलणाराही थांबतो. टीचरांनी वेगळं केलं. त्यानं म्हटलेलं वाक्य त्याच्याच ढंगात म्हणून पाहिलं आणि त्याला विचारलं, “बरोबर म्हटलं का मी?” बरोबर म्हटलं नव्हतं. त्यानं सुधारून दिलं. त्यांनी परत म्हटलं, त्यानं परत सुधारलं. आता वर्गाचं लक्ष टीचरांना ते जमतंय का याकडे होतं आणि तो मुलगा शिकवणारा झाला होता. अस्वलाची गोष्ट पुरी झाली. आज्जा झाडावर चढले, अस्वलही चढायला लागलं, तेव्हा त्यांनी डोक्यावरचं इरलं खाली भिरकावलं आणि अस्वल त्याच्याशीच झुंजत बसलं. वर्गाला ती इतकी आवडली की त्या दिवशी ज्यांची बस चुकली होती त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावी लागली.

वही आणि वडील

त्या आठवड्यात टीचरांनी प्रत्येकाला एक वही करायला सांगितली. डावं पान घरच्या बोलीत: घरी ऐकलेली गोष्ट, गाणं, भांडण, आजीचा सल्ला, काहीही. उजवं पान तेच पुस्तकी मराठीत. डाव्या पानावर लाल शाई लागणार नाही, उजव्यावर लागेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. पहिलं डावं पान त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं, निपाणीच्या बोलीत. घरी त्याही ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात हे कळल्यावर मुलींना फार बरं वाटलं.

मला या पद्धतीबद्दल सुरुवातीपासून आदर वाटतो, कारण तिच्यात फसवणूक नाही. बोलीचं कौतुक करून मुलाला परीक्षेत वाऱ्यावर सोडणं ही क्रूर गोष्ट आहे. दहावीला प्रथम भाषेला १२५ गुण असतात, १०० लेखी आणि २५ अंतर्गत, एकूण ६२५ मधले. बाकीच्या विषयांना १००. म्हणजे घरची भाषा म्हणून ज्या विषयाकडे सगळे दुर्लक्ष करतात, त्याचंच वजन सगळ्यांत जास्त. टीचरांनी हे आकडे फळ्यावर मांडून दाखवले. त्या तिसऱ्या, पास होण्याच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

जूनच्या अखेरीला एक वडील वही घेऊन शाळेत आले. बाजूला घेऊन शांतपणेच म्हणाले, “टीचर, हे असलं घरात बोलतो तसं लिहून घेतलासा तर पोराचे मार्क जाणार की. आम्ही शाळेत घातलाव ते चांगलं बोलायला येऊ दे म्हणून.” ही तक्रार उडवून लावण्यासारखी नव्हती. स्वतःच्या बोलण्यामुळे कचेरीत, बाजारात मान खाली घालावी लागलेली माणसं आपल्या मुलाला त्यातून सोडवू पाहतात. टीचरांनी त्यांना बसवलं आणि उजवं पान मुलाकडूनच वाचून घेतलं. मग डावं. डाव्या पानावर वडिलांचीच गोष्ट होती, मलप्रभेला पूर आला तेव्हा त्यांनी बैल कसे काढले त्याची. वडील ऐकत राहिले आणि एका जागी म्हणाले, तसं न्हवं, बैल दोन न्हवते, तीन होते. मुलानं दोन्ही पानांवर दुरुस्ती केली. पुढं त्यांची तक्रार आली नाही.

हेडसरांची काळजी वेगळी होती: सेतुबंधाच्या नोंदी वेळेत जायला हव्यात. त्या गेल्या. टीचर रात्री जागून भरत होत्या. जास्तीचं काम शेवटी एका माणसाच्या अंगावर पडतं, हे या पद्धतीचं दुखणं आहे आणि ते झाकू नये.

कन्नडचे सर आणि भिंतीवरचा नकाशा

घरी कन्नड बोलणाऱ्या मुलींनी डावं पान कन्नड लिपीत लिहिलं. टीचरांना कन्नड वाचता येतं, पण अडखळत. त्यांनी शाळेतल्या कन्नडच्या सरांना मदतीला घेतलं. सरांनी ती पानं वर्गात वाचून दाखवली, आणि मग स्वतःहून म्हणाले, माझीही ओळख राहिलीये. धारवाडजवळच्या खेड्यात त्यांचे आजोबा रात्री वचनं, म्हणजे शिवशरणांच्या कन्नड भक्तिरचना म्हणायचे, तिथून त्यांची गोष्ट सुरू झाली. अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मुलं त्यांच्या तासालाही मग जरा सैल बसायला लागली. सीमाभागातल्या शाळांत मराठीचे आणि कन्नडचे शिक्षक एकाच खोलीत डबा खातात, मुलांसमोर मात्र फार क्वचित एकत्र उभे राहतात. हे व्हायला हवं.

वर्गातल्या मुलांची समजूत अशी होती की लेखक पुण्या-मुंबईचे असतात. टीचरांनी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि त्यावर टाचण्या टोचल्या. जी. ए. कुलकर्णींचा जन्म १९२३ चा, एकसंब्याचा, टीचरांच्या गावापासून जवळच. इंदिरा संतांचं बालपण निपाणीजवळच्या तवंदीत गेलं आणि पुढचं आयुष्य बेळगावात, शिक्षिका म्हणून. सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात कोवाड, रणजित देसाईंचं गाव. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्याही टाचण्या लागल्या. महिन्याभरानं मुलांनी विचारलं, आमच्या गावाला टाचणी नाही का? अस्वलाची गोष्ट ज्या वाडीवरची, तिथे एक टाचणी लागली. मी तिला पूर्ण पाठिंबा दिला.

पुढे काय झालं

जुलैत रोपलावण सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे वर्ग ओसरला. टीचरांनी वही रानात न्यायला सांगितली नाही, चिखलात ते शक्यही नव्हतं. परत आल्यावर लिहा, एवढंच सांगितलं. नागपंचमीनंतर मुलं परतली तेव्हा डाव्या पानांवर रोपलावणीची गाणी आली. सहामाहीत पत्रलेखन आणि निबंध कोरे सोडणारी मुलं उरली नाहीत. शुद्धलेखन मात्र फारसं सुधारलं नव्हतं, त्याला वेगळा सराव लागतो आणि तो वर्षाच्या उत्तरार्धात घेतला. दोन मुलगे वर्षभर डावं पान लिहायला राजी झाले नाहीत. त्यांना टीचरांनी भाग पाडलं नाही. घरातलं सगळंच सांगण्यासारखं असतं असं नाही, आणि हे शिक्षकानं ओळखावं.

टीचर मार्चअखेरपर्यंत राहिल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी वर्गाला तारीख सांगितली, वह्या गोळा करून हेडसरांच्या कपाटात ठेवल्या आणि वर एक कागद लावला: नववीला जे शिकवायला येतील त्यांनी पहिल्या तासाआधी निदान दहा वह्या वाचाव्यात.

नव्या यादीत त्यांना तालुक्यातलीच दुसरी शाळा मिळाली. तिथे वर्ग जवळजवळ सगळा एकाच गावचा, सगळ्यांची बोली एक, एकमेकांच्या घरच्या गोष्टी सगळ्यांना आधीच ठाऊक. विड्यांची गोष्ट तिथेही चालली, पण डाव्या पानावर मुलं काय लिहिणार हा प्रश्न आला, कारण सांगायचं कुणाला? तेव्हा त्यांनी दोन्ही शाळांच्या वह्या अदलाबदल करायचं ठरवलं. पहिला गठ्ठा लोंढ्याच्या बसनं गेला आहे, आणि तिकडची मुलं अस्वलाच्या गोष्टीला उत्तर लिहीत आहेत.